ओली सीट आणि घाईचा पाना

पावसाळ्यापूर्वी सायकलची निगा कशी राखावी, याविषयी या सदरात लिहिताना ‘कातडी सीट असेल तर ती भिजू देऊ नये’ एवढे एकच वाक्य लिहून मी चेन आणि ब्रेककडे वळलो होतो. आलेली बहुतेक पत्रे त्या एका वाक्याबद्दलच आहेत, आणि वाचकांची तक्रार रास्त आहे, कारण महाराष्ट्रात चार महिने पाऊस पडत असताना ‘भिजू देऊ नये’ हा काही सल्ला नव्हे. म्हणून या वेळचे सदर पूर्णपणे कातडी सीटसाठी राखून ठेवले आहे.

ज्यांनी अशी सीट जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडे सांगतो. साध्या सीटमध्ये प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या बैठकीवर फोम आणि त्यावर रेक्झिन असते. कातडी सीटमध्ये यातले काहीच नसते. सुमारे ५ मिलिमीटर जाडीचा कातड्याचा एकच तुकडा मागच्या लोखंडी पट्टीपासून पुढच्या निमुळत्या टोकापर्यंत, म्हणजे आम्ही ज्याला चोच म्हणतो तिथपर्यंत, बाजेच्या नवारीसारखा ताणून रिव्हेटने ठोकलेला असतो. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो तो लक्षात घेतला, तर या खोगिरात भरती अजिबात नाही, असे म्हणावे लागेल. बसणाऱ्याच्या वजनाने, उबेने आणि घामाने हे कातडे हळूहळू त्याच्या बैठकीच्या हाडांचा आकार घेते, आणि काही शे किलोमीटरनंतर ती सीट फक्त त्याचीच होते. हे ज्या गुणामुळे घडते, त्याच गुणामुळे पाण्यात ती बिघडतेही.

प्रश्न (पुणे) : गेल्या वर्षी ब्रूक्स या इंग्लिश कंपनीची बी १७ ही कातडी सीट घेतली. जुलैमध्ये ताम्हिणी घाटात दिवसभर पावसात सायकल चालवली. दोन दिवसांनी पाहिले तर सीट मध्यभागी झोळीसारखी खचलेली होती. दुकानदाराने पाना हातात देऊन चोचीखालचा, कातडे ताणणारा नट दोन फेरे आवळायला सांगितला आहे. आवळू का?

उत्तर : कृपया आवळू नका, आणि तो पाना सीट पूर्ण वाळेपर्यंत घरातील दुसऱ्या कोणाच्या तरी ताब्यात द्या. या सीटचे कातडे झाडांच्या सालीतील टॅनिनने कमावलेले असते. त्यातील तंतू कोरडे असताना एकमेकांना घट्ट धरून असतात, पण पाणी आत शिरले की ते एकमेकांवरून घसरू लागतात. अशा वेळी वरून पासष्ट-सत्तर किलोंचे वजन पडले तर कातडे ताणले जाते, आणि वाळल्यानंतरही बरेचसे ताणलेलेच राहते. आपल्या सीटची झोळी झाली ती पावसाने नव्हे, तर ओल्या सीटवर तासन्‌तास बसल्याने. त्याच ओल्या कातड्याला आता नट आवळून आणखी ताण दिला, तर आज ती सरळ दिसेल. पण रिव्हेटभोवतीची भोके लांबट होतील आणि पुढे तिथूनच कातडे फाटेल.

आधी सीट सायकलवरून काढावी, फडक्याने टिपून घ्यावी आणि वर्तमानपत्राचे बोळे तिच्या पोटात भरून घरातल्या वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवावी. बोळे रोज बदलावेत, म्हणजे ते ओल शोषतात आणि कडांना आतून आधारही देतात. पावसाळी हवेत पूर्ण वाळायला तीन-चार दिवस सहज लागतात, आणि ते लागू द्यावेत. हेअर ड्रायर, हीटर, गॅसची शेगडी, कडक ऊन यांपैकी काहीही वापरू नये. वनस्पतीजन्य टॅनिनने कमावलेले कातडे पूर्ण भिजलेले असताना सुमारे ७० ते ८५ अंश सेल्सिअस तापमानाला कायमचे आक्रसते, आणि त्याच्या बऱ्याच खालच्या तापमानालाही घाईने वाळवलेल्या कडा ताठ व ठिसूळ होतात.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरे झाले असते. माझी पहिली कातडी सीट भीमाशंकरहून येताना चिंब भिजली. घर चाळीसएक किलोमीटर दूर होते, म्हणून मी तशीच सायकल दामटली, आणि रात्री सीट काढून स्वयंपाकघरात शेगडीच्या बाजूला उभी करून ठेवली. सकाळी तिची उजवी कड भाजलेल्या पापडासारखी वर वळलेली होती. मग मी पाना घेतला. तीन महिन्यांनी चोचीवरचे एक रिव्हेट कातड्यासकट उपटून आले, आणि तेव्हा कुठे त्या नटाचा मोह सुटला.

सीट वाळल्यावर मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावे. ती थोडी लवणे हा दोष नसून गुण आहे. बसल्यावर कातडे खालच्या सळ्यांना टेकत असेल, किंवा दोन्ही बाजूंच्या कडा बाहेर फाकत असतील, तरच नट एक चतुर्थांश फेरा आवळावा, शंभर किलोमीटर सायकल चालवावी, आणि त्यानंतरच पुढच्या चतुर्थांशाचा विचार करावा. दोन फेरे एकदम आवळण्याची वेळ बहुतेक सीटवर आयुष्यात येत नाही.

पुढच्या जुलैसाठी एक सांगतो. सायकल चालवत असताना सीटचा वरचा भाग आपण स्वतःच झाकून बसलेले असतो. पाणी येते ते मागच्या चाकावरून उडून खालच्या बाजूला. ती बाजू कच्ची, लव असलेली आणि कोणताही लेप नसलेली असते, त्यामुळे टीपकागदासारखी पाणी पिते. म्हणून पूर्ण लांबीचे मागचे मडगार्ड हा या सीटचा पहिला रक्षक आहे. मडगार्ड बसत नसेल तर मुलांच्या शाळेतील प्लास्टिक फायलीचा एक लांबट तुकडा कापून सीटखालच्या दोन सळ्यांमध्ये अडकवावा आणि शेपटीसारखा मागे काढावा. दिसायला तो चांगला दिसत नाही, पण काम चोख करतो. वरचे कव्हर सायकल उभी असताना घालावे, आणि पाऊस थांबला की आठवणीने काढावे.

प्रश्न (कोल्हापूर) : आमच्याकडे नव्या चपलांना तेल पाजण्याची पद्धत आहे. सीटचे कातडेही त्याच प्रकारचे असेल, तर सीटला लावायच्या परदेशी मेणाची महाग डबी कशाला? खोबरेल किंवा एरंडेल चालणार नाही का?

उत्तर : कातडे खरोखरच एका गोत्राचे आहे. कोल्हापुरी चपलेचे कातडेही बाभळीची साल आणि हिरडा यांच्या टॅनिनने कमावतात, आणि म्हणूनच कोल्हापुरी चप्पल पावसात घालू नये हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. फरक आहे तो आपल्या अपेक्षेत. चप्पल पायाला चावू नये म्हणून ती मऊ व्हावी, असे आपल्याला वाटते. सीट मात्र ताठ राहायला हवी, कारण तिच्याखाली दुसरा आधारच नाही. पातळ तेल कातड्याच्या पूर्ण जाडीत उतरते, तंतूंना वंगण देते, आणि सीट पावसात न जाताच झोळी होऊन बसते. खोबरेल २४-२५ अंशांच्या वर पातळच असते, म्हणजे आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस. शिवाय ते कालांतराने खवटते. एरंडेल दाट असले तरी परिणाम तोच, आणि वर धूळ चिकटते ती वेगळी. जनावरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले तेलही घोड्याच्या सामानासाठी उत्तम असले, तरी सीटसाठी त्याच कारणाने वाईट.

मेणाचा लेप मात्र पृष्ठभागाजवळ राहतो, पाणी अडवतो आणि कातड्याला सुकू देत नाही. ब्रूक्सच्या प्रूफाइड नावाच्या लेपात चरबी, कॉड माशाचे तेल, वनस्पती तेल, पॅराफिन मेण, मधमाशांचे मेण आणि सिट्रोनेला तेल असते. डबी महाग वाटली तरी ती वर्षानुवर्षे पुरते, कारण लागते ते अगदी थोडे.

लावायचे कसे, ते सविस्तर सांगतो, कारण चुका इथेच होतात. सीट आधी कोरड्या ब्रशने झाडून घ्यावी. हरभऱ्याएवढा मेणाचा गोळा बोटावर घेऊन दुसऱ्या बोटाने चोळावा, म्हणजे तो उबेने नरम होतो. सीट उलटी करून खालच्या लवदार बाजूवर तो गोल गोल फिरवत जिरवावा. लव आधी पांढुरकी दिसते, मग तिथे ओल्या मातीसारखा गडद डाग पडतो आणि बोट सहज सरकू लागते. तसे झाले की त्या जागी पुरे. रिव्हेटच्या भोवती आणि कडांच्या कापलेल्या धारेवर विशेष लक्ष द्यावे, कारण पाणी आत शिरायला तिथे वाट मोकळी असते. नंतर वरच्या बाजूला त्याहून पातळ हात द्यावा. रात्रभर तसेच ठेवून सकाळी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने चकाकी येईपर्यंत पुसून काढावे. न पुसता बसलात तर उरलेले मेण पॅन्टच्या मालकीचे होते.

नवी सीट वापरायला काढण्यापूर्वी खालून एकदा आणि वरून दोनदा असा हात द्यावा. त्यानंतर मृगाच्या आधी एक आणि दिवाळीनंतर एक, असे वर्षातून दोन हात पुरतात. दर आठवड्याला मेण चोळणारे हौशी लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या बसकण मारलेल्या सीटही पाहिल्या आहेत.

बुटाचे पॉलिश वापरू नये, रंग कपड्याला लागतो.

प्रश्न (मालवण) : सीट भिजली नव्हती, सायकल पडवीत होती. तरीही ऑगस्टमध्ये सीटवर पांढरी-हिरवट बुरशी आली, आणि पितळी वाटणाऱ्या रिव्हेटभोवती काळे डाग पडले. बुरशी कशी काढावी? डाग जातील का?

उत्तर : बुरशीला पाऊस लागत नाही, दमट हवा पुरते. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ७०-७५ टक्क्यांच्या वर राहिली की घाम, धूळ आणि तेलकटपणा असलेल्या कोणत्याही कातड्यावर ती येते. किनाऱ्यावर पावसाळ्यात हवा याहून कोरडी होणे कठीणच. सीट घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने कोरडीच झाडावी. घरात झाडलीत तर तीच बुरशी चपलांवर आणि पट्ट्यांवर जाऊन बसेल. मग घट्ट पिळलेल्या ओलसर फडक्याने पुसून, सावलीत वाळवून, उघडीप मिळाल्यास पंधरा-वीस मिनिटे कोवळे ऊन दाखवावे. एवढे झाल्यावरच मेणाचा पातळ हात द्यावा. बुरशीवरच मेण लावणे म्हणजे तिला जेवायला वाढणे होय.

आपण सीटवर प्लास्टिकची पिशवी बांधून ठेवली होती, असे पत्रात शेवटी लिहिले आहे. माझ्या मते मूळ कारण ते. पिशवीत आतली ओल कोंडून राहते. पावसाळ्यात महिना-दीड महिना सायकल चालणार नसेल, तर सीट काढून घरात, हवा खेळती असेल अशा खोलीत खुंटीला टांगावी, आणि धूळ नको असेल तर वर उशीचा सुती अभ्रा घालावा. बंद कपाट टाळावे.

काळ्या डागांचे कारण वेगळे आहे. टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळा रंग तयार होतो. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) यांच्यापासून काळा रंग करण्याची जुनी रीत याच क्रियेवर चालते. आपले रिव्हेट पितळी दिसत असले तरी आत लोखंड असावे, आणि वरचा मुलामा खाऱ्या हवेने खाल्ला असावा. डाग कातड्यात मुरलेले असल्याने ते जाणार नाहीत, आणि लिंबू वगैरे चोळून काढायचा प्रयत्न केल्यास कातड्याचेच नुकसान होईल. ते वाढू नयेत म्हणून रिव्हेटच्या कडेला मेण द्यावे, आणि खालच्या सळ्या मशीन ऑइलचा एक थेंब टाकलेल्या फडक्याने महिन्यातून एकदा पुसाव्यात. ते फडके कातड्याला लागू देऊ नये.

प्रश्न (नागपूर) : आमच्याकडे प्रश्न पाण्याचा नाही. सायकल ऑफिसबाहेर उन्हात उभी असते, आणि मे महिन्यात सीटवर बारीक भेगा पडल्या. वर पांढरे चट्टेही दिसतात.

उत्तर : चट्टे घामातील मिठाचे आहेत, ओलसर फडक्याने पुसले की जातात, आणि ते आठवड्यातून एकदा पुसावेतच, कारण मीठ कातड्यातील ओलावा ओढून घेते. भेगांच्या बाबतीत नखाने पाहावे. नख भेगेवरून न अडकता सरकत असेल तर ती वरच्या थरापुरती आहे, आणि मेणाने ती वाढायची थांबेल. नख अडकत असेल तर ती भरून येणार नाही. सावली मिळत नसल्यास पांढऱ्या सुती कापडाचे कव्हर शिवून घ्यावे आणि मृगाऐवजी होळीच्या सुमारास मेण लावावे. सीट थंड व्हावी म्हणून तिच्यावर ओला रुमाल टाकून ठेवण्याची युक्ती आपण लिहिली आहे, ती तेवढी सोडून द्यावी. बंद मोटारीच्या डिकीत सायकल ठेवणेही उन्हात उभी करण्याइतकेच वाईट.

प्रश्न (सोलापूर) : आम्ही शाकाहारी आहोत. लेपात चरबी आणि माशाचे तेल असते, हे वाचून तो हातात घ्यावासा वाटत नाही. पर्याय आहे का?

उत्तर : मधमाशांचे मेण चालत असेल, तर चार भाग मेण आणि एक भाग तिळाचे तेल गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात वितळवून घट्ट लेप करता येतो. तो बोटाने सहज पसरत असेल तर तेल जास्त झाले, असे समजावे. मात्र सीट स्वतःच जनावराच्या कातड्याची आहे, हे नम्रपणे लक्षात आणून देतो. तीच अडचण असेल तर व्हल्कनाइज केलेले नैसर्गिक रबर आणि सुती कापड यांपासून केलेल्या ताणलेल्या सीट मिळतात. ब्रूक्सची कँबियम ही त्यांपैकी एक. तिला मेण लागत नाही आणि पावसाची भीतीही नाही. बसण्याचा अनुभव थोडा वेगळा असतो, पण वाईट म्हणता येणार नाही.

प्रश्न (बर्मिंगहॅम, इंग्लंड) : येथे बारा महिने रिमझिम असते आणि हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. नोकरीवर रोज सायकलनेच जातो. कातडी सीट घेणे शहाणपणाचे ठरेल का?

उत्तर : आपण ज्या गावातून विचारता आहात, तिथेच हिचा जन्म झाला आहे. जॉन बोल्टबी ब्रूक्स यांनी १८६६ मध्ये बर्मिंगहॅममध्ये घोड्यांचे साज बनवण्याचा धंदा सुरू केला. १८७८ मध्ये त्यांचा घोडा मेला, तेव्हा त्यांनी उसनी सायकल घेतली. तिच्या बैठकीचा त्यांना इतका त्रास झाला की त्यांनी स्वतःच सीट तयार करायला घेतली आणि १८८२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. आजही या सीट आपल्या शेजारच्या स्मेदिकमध्ये बनतात. म्हणजे तिथल्या रिमझिमीचा अंदाज कारागिरांना नक्कीच आहे. मडगार्ड लावावे, मीठ उडते म्हणून सळ्या आणि रिव्हेट आठवड्याला पुसावेत, सायकल बाहेर उभी राहणार असेल तेव्हा कव्हर घालावे. घरी आल्यावर ओली सीट रेडिएटरवर मात्र ठेवू नये. तिकडे बहुतेक सीट पावसात नव्हे, त्या रेडिएटरवर मरतात, असा माझा समज झाला आहे.

प्रश्न (मिरज) : आजोबांची सायकल माळ्यावर सापडली. सीट कातड्याची आहे, पण लाकडासारखी कडक झाली आहे आणि दोन्ही बाजूंच्या कडा पंखांसारख्या फाकल्या आहेत. ती पुन्हा वापरता येईल का? एकाने तेलात बुडवून ठेवायला सांगितले आहे.

उत्तर : तेलात बुडवू नये, तसे केल्यास आठवड्याभरात कडकपणा जाईल आणि सीटही जाईल. आधी तिच्यात जीव आहे का ते पाहावे. खालच्या बाजूला पांढरे फडके घासावे. फडक्यावर तांबूस भुकटी येत असेल तर कातड्याचे तंतूच तुटू लागले आहेत आणि त्यावर उपाय नाही. मग ती सीट आजोबांची आठवण म्हणून भिंतीवर लावावी. भुकटी येत नसेल तर धीर धरावा. मेणाचा पातळ हात खालून द्यावा, आठ दिवस थांबावे, पुन्हा द्यावा. असे पाच-सहा वेळा केल्यावर कातडे बोटाखाली किंचित दबू लागेल. या काळात चोचीखालच्या नटाला हात लावू नये. तो गंजून बसलेला असेल, आणि जोर लावल्यास बोल्टच पिळवटेल.

फाकलेल्या कडांसाठी एक जुना आणि खात्रीचा इलाज आहे, आणि त्यासाठी एखादा अनुभवी चर्मकार कारागीर गाठावा. माझ्या दुसऱ्या सीटचे हे काम करून घेताना मी शेजारी बसून पाहिले आहे. त्यांनी सीट गुडघ्यांत उलटी धरली, दोन्ही कडांवर समोरासमोर खडूने तीन-तीन खुणा केल्या, आणि कडेपासून बोटाच्या पेराएवढे अंतर सोडून आरीने भोके पाडली. काठाला अगदी लागून पाडलेले भोक दोऱ्याने कापले जाते, हे त्यांनी न विचारताच सांगितले. मग मेण लावलेला जाड दोरा बुटाच्या नाडीसारखा आडवातिडवा ओवला, आणि एकदम न खेचता प्रत्येक फेरीला थोडा थोडा ओढला. फाकलेले पंख हळूहळू आत आले, आणि मधला उंचवटा कुणी न ताणताच वर उचलला गेला. नटाने कातडे लांबीत ताणले जाते आणि रिव्हेटवर भार येतो. दोऱ्याने ते फक्त रुंदीत आवरले जाते, म्हणून जुन्या सीटला हा उपाय अधिक मानवतो.

दोरा ओवून झाल्यावर पहिले चार-पाच दिवस गल्लीतल्या गल्लीतच चालवून पाहावी. कुरकुर आवाज आल्यास तो सळ्यांच्या सांध्यातून येतो की रिव्हेटपाशी, हे कान लावून ठरवावे. सांध्याचा आवाज तेलाच्या थेंबाने जातो. रिव्हेटपाशी येत असेल तर त्याच दिवशी सीट उतरवून, त्याच कारागिराकडून ते रिव्हेट बदलून घ्यावे.